ऊब सांभाळत अलास्कापर्यंत : क्रूझवरचे आठ दिवस

थंडीत माझ्या हातांची बोटे पांढरी पडतात. आधी टोके पांढरी होतात, मग ती निळसर दिसू लागतात आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकतात. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये या त्रासाचे वर्णन केले, म्हणून त्याला रेनोचा विकार म्हणतात. गारठा जाणवताच त्वचेजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसणे हा प्रत्येक शरीराचा धर्म आहे. माझ्या रक्तवाहिन्या मात्र फार लवकर आणि फार जोरात आकसतात. त्यामुळे ताईने अलास्काच्या क्रूझचा विषय काढला तेव्हा मी पहिल्याच वाक्याला नकार दिला होता. हिमनदी पाहण्याची इच्छा दोघींचीही जुनी होती, परंतु आठ दिवस कुडकुडत काढायचे असतील तर ती इच्छा मनातच राहिलेली बरी, असे मला वाटत होते.

ताई म्हणाली, "तू थंडी सोसायला नको येऊस. थंडी लागू न देता जाता येते का, ते बघून मग ठरव."

त्याप्रमाणे आधी डॉक्टरांकडे गेले. थायरॉइड कमी असेल किंवा रक्त कमी असेल तरीही माणसाला इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते, म्हणून त्यांनी दोन्ही तपासण्या करून घेतल्या. बंद नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या रक्तवाहिन्या आकसवतात, त्यामुळे प्रवासात सर्दी झाली तरी विचारल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत, हे त्यांनी बजावून सांगितले. माझ्यासारख्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे असे मला वाटते, कारण थंड प्रदेशात गेल्यावर पहिली सर्दी होते आणि आपण पहिली गोळी तीच घेतो.

पहिला दिवस : व्हँकुव्हर

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. व्हँकुव्हरचा कॅनडा प्लेस हा धक्का १९८६ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या इमारतीत आहे आणि तिच्या छपरावरची पांढरी शिडे दुरूनच दिसतात. आम्ही दुपारी जहाजावर चढलो. आमच्या मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतल्या गेल्या आणि त्या संध्याकाळी केबिनच्या दारात मिळतील असे सांगण्यात आले. माझी पहिली चूक येथे झाली. कानटोपी, मफलर आणि जाड जाकीट हे सारे मी मोठ्या बॅगेत भरले होते.

जहाज सुटताना सगळे प्रवासी वरच्या डेकवर जमतात. लायन्स गेट हा १९३८ सालचा झुलता पूल जहाजाच्या धुराड्यावरून सरकत जाताना पाहणे हा या प्रवासातला पहिला सोहळा असतो, त्यामुळे मीही अंगावरच्या साध्या स्वेटरनिशी वर गेले. धक्क्यावर असताना हवा सौम्य होती, तरी जहाजाने बंदर सोडून वेग घेतला तशी ती बदलली. पूल मागे पडेपर्यंत माझ्या उजव्या हाताची दोन बोटे पांढरी झाली होती. खाली येऊन मी हात काखेत धरून बसले आणि नंतर ते कोमट पाण्यात ठेवले. कोमटच, कारण बधिर झालेल्या बोटांना पाणी किती कढत आहे हे कळत नाही आणि त्वचा भाजू शकते. पूर्ववत व्हायला बराच वेळ गेला.

ताईने त्या संध्याकाळी एकच गोष्ट विचारली, "हात गार पडल्यावर टोपी शोधायची, की टोपी घालून मग वर जायचे?" पुढचे सगळे दिवस मी या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच घालवले, असे म्हटले तरी चालेल.

दुसरा दिवस : सागरावर

व्हँकुव्हरहून उत्तरेकडे जाणारा हा मार्ग इनसाइड पॅसेज म्हणून ओळखला जातो. बेटांच्या रांगांमागून जात असल्यामुळे बहुतेक ठिकाणी पाणी शांत असते, परंतु क्वीन शार्लट साउंडपाशी हा आडोसा संपतो आणि काही तास जहाज उघड्या पॅसिफिकला सामोरे जाते. सकाळी आम्ही तेथेच होतो. केबिनमधल्या पडद्यावर बाहेरचे तापमान ९ अंश दाखवत होते आणि जहाजाचा वेग २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर होता.

हे दोन आकडे एकत्र वाचायला मी या दिवशी शिकले. हवा पूर्ण स्तब्ध असली तरी जहाज पुढे जात असल्याने डेकवरच्या माणसाला ताशी ३७ किलोमीटरचा वारा लागतोच. उघड्या त्वचेभोवती शरीराने तापवलेल्या हवेचा एक पातळ थर असतो, आणि वारा तो थर सतत वाहून नेतो. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ पासून वापरात आणलेल्या सूत्राने हिशेब केला, तर एवढ्या वाऱ्यात ९ अंशांची हवा उघड्या चेहऱ्याला ५ अंशांसारखी लागते, आणि ५ अंशांची हवा शून्याच्या किंचित खाली गेल्यासारखी. समोरून वारा असेल तर तो यात मिळवायचा; मागून असेल तर वजा करायचा. म्हणूनच जहाजाचा पुढचा भाग बहुधा सर्वांत गार असतो आणि मागचा डेक, जेथे जहाजाची सारी इमारत वाऱ्याला आडवी उभी असते, तो बराच सुसह्य असतो. मी त्या सकाळी दोन्ही ठिकाणी जाऊन पाहिले. पुढे मला पाच मिनिटे काढणे कठीण झाले, तर मागे काचेच्या आडोशाला खुर्ची टाकून मी अर्धा तास निवांत बसले. प्रोमनाड डेकवर, म्हणजे जहाजाभोवती फिरण्याच्या सज्जावर, फेऱ्या मारतानाही जहाजाची एक बाजू वाऱ्याची आणि दुसरी आडोशाची असते. वळण घेताच कोणती कोणती ते कळते.

कपड्यांची उतरंडही याच दिवशी पक्की झाली. सर्वांत आत मेरिनो लोकरीचे पातळ थर्मल, त्यावर मऊ फ्लीस, आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारे, पाऊस झेलणारे पातळ जाकीट. मधल्या थरात हवा अडकते आणि ऊब तीच देते, म्हणून एका जाडजूड कोटापेक्षा हे तीन थर अधिक उपयोगी पडतात. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओलावा शोषूनही अंगाला ओला लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. सुती बनियन मात्र घाम धरून ठेवते आणि माणूस थांबला की तीच पाठीवर गार पट्टीसारखी चिकटते. अंगाशी सुती काही घालायचे नाही, एवढा एक नियम मी प्रवासभर पाळला.

बाहेरच्या थंडीची तयारी मी करून आले होते. आतल्या थंडीची केली नव्हती. जहाजाच्या मोठ्या दालनांत शेकडो माणसे एकत्र बसतात, त्यांच्या श्वासाची आणि अंगाची उष्णता व दमटपणा काढून टाकण्यासाठी वातानुकूलन जोरात चालवावे लागते. प्रेक्षागृह तर प्रेक्षक येण्याआधीच गार करून ठेवलेले असते. रात्रीच्या कार्यक्रमासाठी मी साध्या कपड्यांत गेले आणि नेमकी वरून हवा सोडणाऱ्या झरोक्याखाली बसले. दिवसभर समुद्रावरच्या वाऱ्याने जे केले नव्हते ते या वीस मिनिटांनी केले. त्यानंतर मी बसण्याआधी मान वर करून छताकडे पाहण्याची सवय लावून घेतली. झरोक्यापासून दूर, मधल्या रांगांत, माणसांच्या गर्दीत बसले की फरक लगेच जाणवतो. एक मोठी लोकरी शाल तेव्हापासून माझ्या खांद्यावरून उतरली नाही.

केबिनमध्येही काही गोष्टी कराव्या लागल्या. भिंतीवरचे बटण पुरते उबेकडे फिरवले तरी तापमान एका मर्यादेपलीकडे वाढत नव्हते. खोली आवरायला येणाऱ्या मदतनिसाला मी अडचण सांगितली, तेव्हा त्याने न बोलता दुसरी दुलई आणून दिली आणि बाल्कनीचे काचेचे दार नीट अडकले आहे ना ते पाहायला सांगितले. दार किंचित उघडे राहिले तरी पुष्कळ जहाजांवर केबिनचे वातानुकूलन बंद पडते. रात्री ती काच पुष्कळ गार होते, म्हणून जाड पडदा पूर्ण ओढायचा आणि उशी काचेच्या विरुद्ध बाजूला घ्यायची, हे आम्ही आपण होऊन शोधले. विजेची किटली किंवा इस्त्री यांसारखी तापणारी उपकरणे आगीच्या भीतीने जहाजावर आणू देत नाहीत, पण रबराच्या साध्या पिशवीला कोणाची हरकत नव्हती. झोपण्यापूर्वी ती गरम पाण्याने भरून, कापडात गुंडाळून पायाशी ठेवली की रात्र सुखाची जात असे.

तिसरा दिवस : जुनो

जुनो ही अलास्काची राजधानी आहे, आणि तेथे बाहेरून रस्त्याने पोहोचता येत नाही. बोटीने किंवा विमानानेच यावे लागते. आम्ही दुपारी उतरलो आणि ऑक बे येथून लहान बोटीने व्हेल पाहायला गेलो. हंपबॅक व्हेल हिवाळ्यात हवाईजवळच्या कोमट पाण्यात पिल्लांना जन्म देतात आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी इकडे येतात.

पाय गार पडू नयेत म्हणून मी त्या दिवशी दोन जाड पायमोजे एकावर एक चढवले होते आणि त्यांवर नेहमीचेच बूट. बोटीच्या उघड्या डेकवर अर्धा तास होतो न होतो तोच पायाची बोटे बधिर झाली. बुटात बोटे हलवायला जागाच उरली नव्हती. दाबलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि दाबलेल्या लोकरीत हवा राहत नाही. बोटीच्या गरम केबिनमध्ये जाऊन मी एक जोड काढून टाकला, तेव्हा एकाच पायमोज्यात पाय अधिक उबदार राहिले. काढलेली जोडी मी जॅकेटच्या खिशात ठेवली आणि नंतर हातमोज्यांवरून घातली, तिचा तेथे फार चांगला उपयोग झाला.

एक व्हेल आमच्यापासून काही अंतरावर वर आली, तिने फवारा सोडला आणि शेपटीचे दोन्ही पंख पाण्याबाहेर उंच धरून ती खोल गेली. मी गरम केबिन आणि उघडा डेक यांच्या मधल्या दारात उभी होते. तेथून सगळे दिसत होते. रेलिंगपाशीच उभे राहिले पाहिजे, हा आग्रह मी त्या दाराशी सोडला आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

चौथा दिवस : स्कॅगवे

स्कॅगवे हे नाव येथील मूळ रहिवाशांच्या त्लिंगिट भाषेतून आले असून त्याचा संबंध उत्तरेच्या वाऱ्याने खवळणाऱ्या पाण्याशी आहे. धक्क्यावर पाऊल ठेवताच ते पटले.

व्हाइट पास आणि युकॉन रूट ही नॅरोगेज रेल्वे १८९८ ते १९०० या काळात, कॅनडातल्या क्लोंडाइक भागातील सोन्याच्या शोधात निघालेल्या गर्दीच्या दिवसांत बांधली गेली. ती सुमारे ३२ किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून ८७३ मीटरच्या खिंडीपर्यंत चढते. त्या काळी कॅनडात शिरणाऱ्या प्रत्येकाजवळ वर्षभर पुरेल एवढे, सुमारे एक टन सामान असल्याशिवाय तेथील घोडदळ पोलीस त्याला पुढे सोडत नसत. त्या सामानाच्या याद्यांमध्ये पीठ आणि फावड्यांच्या बरोबरीने लोकरीचे आतले कपडे, लोकरीचे मोजे आणि घोंगड्या असत. ते वाचून मला मनापासून जवळीक वाटली. सव्वाशे वर्षांपूर्वी पाठीवर ओझे घेऊन याच डोंगरातून गेलेल्या माणसांनीही अंगाशी लोकरच ठेवली होती.

गाडीचा डबा गरम होता आणि दोन डब्यांच्या मधल्या उघड्या मंचावर वारा होता. वर खिंडीत अजून बर्फ साचलेला होता. बोगद्याच्या आधीचे वळण तेवढे मी बाहेर येऊन पाहिले आणि आत आले. जाकीट आतही अंगावरच ठेवले तर पुन्हा बाहेर गेल्यावर त्याची ऊब जाणवत नाही आणि आत आलेला घाम बाहेर गार होतो, म्हणून डब्यात शिरले की चेन उघडायची आणि बाहेर जाताना दारापाशीच बंद करायची, अशी लय बसली.

पाचवा दिवस : ग्लेशियर बे

ज्यासाठी आलो तो दिवस हा होता. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतील माणसे येथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तिच्या मुखापर्यंत बर्फ होता. निसर्गलेखक जॉन म्यूर १८७९ मध्ये आले तोवर बर्फ कितीतरी मैल मागे सरकला होता, आणि आज त्या मुखापासून आतल्या हिमनद्यांपर्यंत जायला सुमारे १०० किलोमीटर आत शिरावे लागते. १९२५ मध्ये या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सकाळी उद्यानाचे रेंजर लहान बोटीतून येऊन आमच्या जहाजावर चढले आणि ध्वनिक्षेपकावरून दिवसभर माहिती देत राहिले.

मी त्या दिवशी पहाटेपासून तयारी केली. गरम पाण्याने अंघोळ, अंग पूर्ण कोरडे झाल्यावर थर्मल, पोटभर गरम न्याहारी, आणि बाहेर पडण्याच्या पंधरा मिनिटे आधी हात गरम करणाऱ्या पुड्या उघडून खिशात. या पुड्यांत लोखंडाची बारीक पूड, मीठ आणि कोळसा असतो. हवा लागली की लोखंड गंजू लागते आणि त्या गंजण्यातूनच उष्णता निर्माण होते. तापायला त्यांना थोडा वेळ लागतो, त्यामुळे हात गार पडल्यावर पुडी फाडणे हे उशिराचे काम ठरते. बुटात घालण्याच्या पुड्या वेगळ्या मिळतात, कारण तेथे हवा कमी पोहोचते. दोन्ही प्रकारच्या पुड्या कधीही उघड्या त्वचेवर ठेवू नयेत आणि घेऊन झोपू नये. अर्धी वापरलेली पुडी हवाबंद पिशवीत घट्ट बंद केली तर तिचे गंजणे थांबते आणि उरलेली ऊब दुसऱ्या दिवशी कामी येते.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबले. ही हिमनदी सुमारे ३४ किलोमीटर लांब आहे आणि तिची बर्फाची भिंत पाण्यावर सुमारे ७५ मीटर उभी आहे. जहाज थांबल्यामुळे वेगाचा वारा नाहीसा झाला, आणि काही क्षण मला वाटले की आज सोपे जाईल. मग वेगळीच थंडी येऊ लागली. बर्फावरची हवा गार आणि जड होऊन उतारावरून पाण्यासारखी खाली घसरत येते. ती चेहऱ्याला झोंबत नव्हती, ती पायांपासून वर चढत होती. लोखंडी रेलिंगला हात टेकला की हातमोज्यातूनही उष्णता ओढली जात असल्याचे जाणवे, म्हणून मी रेलिंगपासून एक पाऊल मागे उभी राहिले. पायांखाली मी केबिनमधला जाड टॉवेल घडी करून टाकला होता. पोलादी डेकवर स्थिर उभे राहणाऱ्याला पायाखालचा हा एक थर किती मोलाचा आहे, हे मी कोणालाही आग्रहाने सांगेन.

फोटो काढण्यासाठी बोटांची टोके उघडता येतील असे हातमोजे आणले होते आणि त्यांच्या आत रेशमी पातळ मोजे. तीन फोटो, मग हात खिशात. पुन्हा तीन फोटो. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात पुडीच्या शेजारी ठेवली होती. जहाज एकाच जागी हळूहळू गोल फिरत होते, जेणेकरून दोन्ही बाजूंना हिमनदी दिसावी. त्यामुळे घाई करण्याचे कारणच नव्हते. वीस मिनिटे बाहेर आणि दहा मिनिटे आत, असे मी ठरवून केले, बोटे अजून गुलाबी असतानाच आत येत राहिले.

आतून मी काचेपाशी पेला धरून बसले असताना भिंतीचा एक सुळका सुटला. आधी तो पाण्यात पडताना दिसला, आणि गडगडाट नंतर आला. ताई बाहेर होती. ती धावत दारापर्यंत आली आणि म्हणाली, "चल, अजून पडणार आहे, माझ्याजवळ जागा आहे!" मी टोपी कानांवर ओढली, मफलर नाकापर्यंत घेतला, हातमोजे चढवले आणि मगच दार ओलांडले. दुसरा सुळका मी बाहेरून पाहिला. पाण्यातून उठलेली लाट आमच्यापर्यंत येऊन विरली. बर्फाच्या तुकड्यांतून सोडा फसफसावा तसा बारीक आवाज येत होता. हिमनदीत शतकानुशतके दाबलेली हवा वितळताना सुटते, तिचा तो आवाज. हातमोजा काढून बोटे पाहिली, ती गुलाबी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि ते वाऱ्यामुळे नव्हते.

सहावा दिवस : केचिकन

येथे वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्या वाट्याचा त्या दिवशी पडला. तापमान ग्लेशियर बेपेक्षा जास्त होते, तरी मला त्रास जास्त झाला, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. छत्री वाऱ्याने उलटली. टोपी असलेले जलरोधक जाकीट आणि त्याच कापडाची वरून घालायची विजार, यांखेरीज तेथे काही टिकत नाही. खांबांवर उभारलेली क्रीक स्ट्रीटची लाकडी वाट आणि मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी टोटेम खांब पाहून आम्ही तासाभरात परतलो. ओले हातमोजे टॉवेलमध्ये गुंडाळून पिळले आणि स्नानगृहातल्या दोरीवर टाकले. जहाजाच्या कोरड्या हवेत ते सकाळपर्यंत वाळले. हातमोज्यांची दुसरी जोडी जवळ असणे ही केचिकनमध्ये चैन नव्हती.

सातवा दिवस : पुन्हा सागरावर

शरीर थकले की थंडी अधिक वाजते, म्हणून हा दिवस विश्रांतीचा ठेवला. छप्पर बंद केलेल्या तलावाजवळची उबदार हवा आणि स्पामधील तापवलेल्या टाइल्सच्या आरामखुर्च्या यांनी पाठीत बसलेला आठवड्याचा गारठा काढला. उघड्या डेकवरच्या गरम पाण्याच्या कुंडात मी उतरले नाही. आत बसणे सुखाचे असते, परंतु ओल्या अंगाने वाऱ्यात बाहेर पडल्यावर त्वचेवरचे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, आणि तेवढी पाच पावले मला परवडणारी नव्हती. रात्रीच्या मेजवानीत ऊब येईल म्हणून मद्याचा आग्रह झाला. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि माणसाला गरम वाटते, पण शरीराची उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. मी गरम पाणी आणि आले मागितले.

आठवा दिवस : व्हँकुव्हर

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच मिळतात. या वेळी जाकीट, टोपी, मफलर, हातमोजे आणि हवाबंद पिशवीतली अर्धी पुडी मी हातातल्या बॅगेत ठेवली होती. सकाळी सहा वाजता बाल्कनीचे दार उघडून आम्ही दोघी पूर्ण पोशाखात उभ्या राहिलो आणि लायन्स गेट पूल पुन्हा डोक्यावरून गेला. ताईने माझा हातमोजा काढून बोटे आपल्या हातात घेतली, थोडा वेळ धरून ठेवली आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा तुझाच हात गरम आहे."